मात्सुएचा हेरुन मास्तर



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं लेकीच्या शाळेचं. आम्ही तोक्योच्या एदोगावा वॉर्डात राहतो, निशिकासाईच्या आसपास. म्हणजे शनिवारी सकाळी स्टेशनबाहेर हिंदी, तेलुगु, मराठी सगळं कानावर पडतं तो भाग. मुलीला आम्ही इंडियन स्कूलमध्ये न घालता सरळ जपानी सरकारी शाळेत घातलंय. ती दुसरीत आहे. तिच्या बाईंनी निरोप पाठवला की बाबांनी येऊन वर्गाला भारताबद्दल सांगावं, एक तास. इथला प्राथमिक शाळेचा तास ४५ मिनिटांचा. रोज क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देणारा मी, आदल्या रात्री स्लाइड्स करताना घाम फुटला होता.

दारात बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घातल्या. वर्गात शिरलो, मॉनिटरने आवाज दिला, तीसेक मुलं खाडकन उठली आणि कमरेत वाकली. आपल्याकडच्या "एक साथ नमस्ते"ची आठवण आली. मग हत्ती, ताजमहाल, १९ पर्यंतचे पाढे (त्यांना वाटतं आपण सगळे हे पोटातूनच शिकून येतो), सगळं झालं. शेवटी प्रश्न. "रोज करी खाता का?" हा अपेक्षित होता. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, "तुम्ही तुमच्या देशात परत कधी जाणार?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आजोबा गावाहून आले की "परत कधी जाणार" विचारतात, तसंच. पण माझी लेक त्याच वर्गात बसली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी हसून उत्तर दिलं. घरी येताना मात्र डोक्यात तोच प्रश्न, आणि त्याच्या मागोमाग एका माणसाची आठवण. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत असताना आमच्या बाईंनी त्याच्याबद्दल पहिल्यांदा सांगितलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जपानी शाळेत परदेशी मास्तर म्हणून उभा राहिलेला लाफकाडिओ हर्न. त्याचीच गोष्ट सांगायचीय.

थोडी पार्श्वभूमी. १८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर जपानला सगळं एकदम शिकायचं होतं. रेल्वे, कायदा, वैद्यक, रसायनशास्त्र, इंग्रजी. त्यासाठी सरकारने परदेशी माणसं पगारी ठेवली. त्यांना म्हणायचे 'ओयातोई गाइकोकुजिन', नोकरीवर ठेवलेले परदेशी. १८७१ मध्ये विल्यम ग्रिफिस नावाचा अमेरिकन तरुण फुकुइ नावाच्या संस्थानात रसायनशास्त्र शिकवायला गेला. तो तिथे असतानाच संस्थानं खालसा झाली आणि फुकुइच्या दाइम्योने आपल्या सामुराइंचा निरोप घेतला, तो सोहळा त्याने डोळ्यांनी पाहिला. १८७६ मध्ये विल्यम क्लार्क साप्पोरोच्या शेतकी कॉलेजात आला, आठ-नऊ महिने राहिला, पण त्याचं नाव आजही तिथली शाळकरी मुलं घेतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही होती शुद्ध केटी, नॉलेज ट्रान्सफर. कन्सल्टंट आणा, तगडा पगार द्या, आपली माणसं त्याच्याशेजारी बसवा, आणि ती तयार झाली की कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करू नका. यात फसवाफसवी काही नव्हती, दोन्ही बाजूंना माहीत होतं. अडचण होते ती कन्सल्टंटचा जीव त्या गावात गुंतला की.

हर्नचा गुंतला. मुळात त्याला कुठलं गाव असं नव्हतंच. जन्म १८५० चा, ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर. नाव तिथूनच आलं. आई ग्रीक, वडील ब्रिटिश लष्करातले आयरिश डॉक्टर. लहानपणीच आईवडील दुरावले, एका श्रीमंत नातेवाईक म्हातारीने सांभाळलं, मग इंग्लंडमधली कॅथलिक बोर्डिंग शाळा. तिथे खेळताना अपघात होऊन डावा डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यालाही कमी दिसायचं. १९ व्या वर्षी खिसा रिकामा घेऊन अमेरिकेत सिनसिनाटीला पोहोचला आणि वार्ताहर झाला. एका कृष्णवर्णीय बाईशी लग्न केलं. तेव्हा ओहायोत असं लग्न बेकायदा होतं, त्यात नोकरी गेली आणि पुढे संसारही मोडला. मग न्यू ऑर्लिन्स, मग मार्टिनिक बेट. एप्रिल १८९० मध्ये तो योकोहामाला उतरला तो एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला. पण त्या प्रकाशकांशी लवकरच त्याचं बिनसलं. परक्या देशात, चाळिशीला आलेला, हातात काम नाही. तोक्यो विद्यापीठातले प्रोफेसर चेंबरलेन आणि शिक्षण खात्यातले हात्तोरी इचिझो यांनी शब्द टाकला आणि शाळामास्तराची नोकरी मिळाली. पगार महिना १०० येन, कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं. गाव मात्सुए, इझुमो प्रांतात, जपानच्या मागच्या बाजूला. जिथे तेव्हा रेल्वेही पोहोचली नव्हती.

१०० येन म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, नात्सुमे सोसेकी हा तरुण पदवीधर मात्सुयामाच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला. एका परदेशी शिक्षकाच्या रिकाम्या जागेवर नेमल्यामुळे त्याला ८० येन मिळत, आणि त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना ६०! परदेशी माणसाच्या खुर्चीचाच भाव वेगळा होता. सोसेकीचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

२ सप्टेंबर १८९० पासून हर्नची शाळा सुरू झाली. त्याला दोन ठिकाणी शिकवायचं होतं. एक जिल्ह्याची माध्यमिक शाळा, करड्या-निळ्या रंगाची दुमजली लाकडी इमारत, सुमारे तीनशे मुलं. दुसरी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, आपल्या जुन्या ट्रेनिंग कॉलेजसारखी. तिथे शिक्षण फुकट, पण त्याबदल्यात पुढे ठरावीक वर्षं सरकारी शाळेत मास्तरकी करायची. शिस्त जवळजवळ लष्करी. मुलींचा वर्ग वेगळा आणि त्यांना इंग्रजी नाही. (जाता जाता, जपानातल्या स्त्रीशिक्षणाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. तोक्योचं महिला विद्यापीठ १९०१ मध्ये निघालं, त्याची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली आणि त्यातून १९१६ मध्ये आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं.)

हर्नला जपानी येत नव्हतं. त्याला सांभाळलं निशिदा सेन्तारो नावाच्या तरुण शिक्षकाने. निशिदा शाळेतला ज्येष्ठ शिक्षक, इंग्रजी उत्तम. पहिल्या दिवशी गव्हर्नरकडे नेणं, वर्ग दाखवणं, घर शोधणं, दुभाषाचं काम करणं, सगळं त्याने केलं. नवीन देशात ऑनसाइट आल्यावर पहिल्या महिन्यात बँक अकाउंट, मोबाईल, घर यांसाठी जो एक जपानी सहकारी आपल्यामागे हिंडतो, तो प्रत्येकाला आठवत असेल. हर्नला तो निशिदा. पुढे १८९५ मध्ये हर्नने आपलं एक अख्खं पुस्तक त्याला अर्पण केलं.

शाळेतला त्याचा दिवस कसा होता, हे त्याने स्वतः सविस्तर लिहून ठेवलंय. १८९४ मध्ये आलेल्या त्याच्या जपानवरच्या पहिल्या पुस्तकात इंग्रजीच्या मास्तरची डायरी म्हणून एक प्रकरण आहे. वर्गात शिरलं की मुलं उठून वाकतात, मास्तरही वाकतो, मग हजेरी. तास संपला की शिक्षकांच्या खोलीत जायचं. तिथे प्रत्येकाला छोटं टेबल, निखाऱ्याची शेगडी, हिरवा चहा आणि चिमूटभर तंबाखूचे छोटे पाइप. पुन्हा घंटा, पुन्हा वर्ग. कागद अगदी डोळ्याला लावून वाचायची त्याला सवय होती, इतकं कमी दिसायचं. घरी लिहायला त्याने मुद्दाम उंच टेबल करून घेतलं होतं. ते मात्सुएच्या संग्रहालयात आजही ठेवलंय. बघितल्यावर आपल्याला वाटतं खुर्ची बुटकी आहे.

त्याला सगळ्यात नवल वाटलं ते एका गोष्टीचं. इथे मास्तर मुलांना मारत नाही. दटावणंही क्वचित. मास्तर हा धाकट्यांना समजावणाऱ्या थोरल्या भावासारखा. उलट मास्तर मुलांना पटला नाही तर मुलंच एकजूट करून त्याला बदलायची मागणी करतात! बोर्डिंग शाळेत वाढलेल्या हर्नला हे स्वर्गासारखं वाटलं असणार. (आमच्या शाळेत गणिताच्या सरांच्या टेबलावर जी पट्टी असायची, तिची मोजण्याव्यतिरिक्तची कामं आठवून मलाही तेच वाटलं.)

पण तो भाबडा नव्हता. मुलांना तो इंग्रजी निबंध लिहायला द्यायचा आणि ते अगदी मन लावून तपासायचा. त्यात त्याला एक गोष्ट खटकली. सगळ्या मुलांच्या कल्पना जवळजवळ सारख्या. चंद्र म्हटलं की ठरावीक उपमा, फूल म्हटलं की ठरावीक भावना. वेगळं काही सुचलं तरी लिहायचं नाही, असं जणू ठरलेलं. आणखी एक निरीक्षण. पाश्चात्त्य अभ्यासक्रमाचा सगळा भार ही पोरं भात आणि तोफूच्या जोरावर उचलतायत. अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, वर अभ्यास अफाट. हुशार मुलंच आधी मोडून पडतात, असं त्याला दिसत होतं.

त्याच्या आवडत्या विद्यार्थ्यांत योकोगी नावाचा एक सुताराचा मुलगा होता. घरची परिस्थिती बेताची, पण प्राथमिक शाळेतच इतका चमकला की गावातल्या एका धनिकाने त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलला. अशी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत, आपल्यातली काही तशीच शिकली असतील. योकोगी आजारी पडला आणि त्यातून उठला नाही. शेवटच्या दिवसांत त्याने रात्री हट्ट धरला की मला शाळा बघायचीय. घरातल्या म्हाताऱ्या नोकराने त्याला पाठीवर घेतलं आणि निर्मनुष्य रस्त्यांवरून चालत शाळेसमोर नेलं. अंधारात ती इमारत बघून पोराला समाधान वाटलं, मग परत घरी आले. हे हर्नने लिहिलंय ते फार साधेपणाने. मी हा भाग लोकलमध्ये वाचत होतो, दोन स्टेशनं पुढे गेलो.

असो. शाळेतला दुसरा मोठा प्रसंग राजकीय म्हणता येईल असा आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये सम्राटाचा शिक्षणविषयक आदेश निघाला. राजनिष्ठा, आईवडिलांची सेवा, देशासाठी त्याग वगैरे. मात्सुएत गव्हर्नरने स्वतः शाळेत येऊन तो वाचून दाखवला. सम्राटाच्या वाढदिवसाला त्याच्या चित्रासमोर सगळे वाकले, तसा हर्नही वाकला. नंतर एक विद्यार्थी त्याला म्हणाला की तुम्ही आमच्या आधीच्या इंग्रजी सरांसारखे नाही, ते आम्हाला रानटी म्हणायचे, त्यांच्या देवाशिवाय कुणापुढे वाकायचं नाही असं त्यांचं म्हणणं. हर्नने मुलाची बाजू घेतली. राजाचा आदर करण्यात रानटी काही नाही असं त्याला समजावलं.

पाहुणा म्हणून त्याचं वागणं शोभणारं होतं. पण त्याच सुमारास, जानेवारी १८९१ मध्ये, तोक्योत उचिमुरा कान्झो हा जपानी ख्रिस्ती शिक्षक त्याच आदेशासमोर पुरेसा वाकला नाही म्हणून गहजब झाला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. परदेशी माणूस वाकला तर कौतुक, आपला माणूस कमी वाकला तर देशद्रोही. पुढे हाच आदेश दोन पिढ्यांच्या मुलांकडून घोकून घेतला गेला आणि त्याचं युद्धकाळात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. शेवटी १९४८ मध्ये जपानी संसदेने तो रद्द ठरवला. हर्नला हे पुढचं दिसणं शक्य नव्हतं. पण जिथे आपलं कौतुक होतं तिथल्या दोषांकडे आपली नजर जरा उशिरा जाते, हे मला माझ्यावरूनही माहीत आहे.

मात्सुएच्या थंडीने तो पहिल्याच हिवाळ्यात अंथरुणाला खिळला. गव्हर्नरच्या मुलीने मास्तरांना बरं वाटावं म्हणून गाणारा उगुइसु पक्षी पाठवला. याच सुमारास, १८९१ च्या सुरुवातीला, कोइझुमी सेत्सु त्याच्या घरी आली. सामुराइ घराण्यातली, वय २३, मेइजी बदलात घर धुळीला मिळालेलं. नोकरीला आली आणि बायको झाली. तिला इंग्रजी नाही, याला जपानी नाही. दोघांनी मिळून एक मोडकीतोडकी जपानी बनवली, तिला घरात 'हेरुनसानची भाषा' म्हणत. गावाने हर्नचा उच्चार 'हेरुन' केला होता आणि त्याला तो आवडत होता. पुढे सेत्सुने त्या भाषेत सांगितलेल्या जुन्या भुताखेतांच्या गोष्टी त्याने इंग्रजीत लिहिल्या. १९०४ चं 'क्वाइदान' त्यातूनच आलं.

नोव्हेंबर १८९१ मध्ये त्याने मात्सुए सोडलं. थंडी सोसेना, आणि कुमामोतोच्या सरकारी कॉलेजात पगार दुप्पट, २०० येन. (बरोबर, स्विच मारला.) निरोपाला विद्यार्थ्यांनी जुनी तलवार भेट दिली आणि सुमारे दोनशे जण बोटीपर्यंत पोहोचवायला आले. कुमामोतोला प्राचार्य होते ज्युदोचे जनक कानो जिगोरो. पण तिथली मुलं मोठी आणि अलिप्त, सहकारी आपापल्यात. मात्सुएसारखं पुन्हा कुठेच जमलं नाही.

आता मुद्द्याचं. १८९३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि हर्नपुढे आपल्या ओळखीचा प्रश्न उभा राहिला, कागदपत्रांचा. तेव्हाच्या नियमाने सेत्सुने परदेशी माणसाशी रीतसर लग्न केलं असतं तर तिचं जपानी नागरिकत्व गेलं असतं. मग घर नाही, जमीन नाही, आणि हर्न गेल्यावर मुलाबाळांचं काय? दुसरा मार्ग म्हणजे त्याने स्वतः जपानी व्हायचं. पण परदेशी तज्ज्ञ म्हणून पगार होता. जपानी झालं की जपानी पगार लागू होण्याची भीती. १८९६ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व सोडलं, बायकोच्या घराण्यात दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो झाला. 'याकुमो' म्हणजे थरांवर थर चढलेले ढग, इझुमोचं जुनं काव्यमय विशेषण. म्हणजे त्याने नावात गाव घेतलं, ते शाळेचं गाव.

त्याच वर्षी तो तोक्योच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य शिकवायला लागला, पगार ४०० येन. हातात टिपणं न घेता सावकाश बोलायचा, मुलं शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. त्या वह्यांवरून त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकं निघाली. आणि १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याला नारळ दिला. परदेशी पगाराच्या जागा कमी करायच्या होत्या, इंग्लंडला पाठवलेला जपानी माणूस शिकून परत आला होता. विद्यार्थ्यांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. त्याच्या जागी आलेल्यांत प्रमुख कोण? नात्सुमे सोसेकी. केटी पूर्ण. सोसेकीलाही हे अवघडच गेलं, हर्नवर जीव असलेल्या मुलांपुढे उभं राहायचं होतं. सप्टेंबर १९०४ मध्ये हर्न हृदयविकाराने गेला, वय ५४. तोक्योच्या झोशिगाया दफनभूमीत त्याची कबर आहे. सोसेकीचीही तिथेच.

हे वाचताना मला वाईट वाटतं ते पगाराचं नाही. कागदावर जपानी झालेला माणूस हिशेबाच्या वहीत शेवटपर्यंत 'परदेशी' याच रकान्यात राहिला. आणि मजा बघा, आज जपान त्याला आपला म्हणतं. मात्सुएतलं त्याचं घर जपलंय, १९३३ पासून शेजारी संग्रहालय आहे. २०२५ मध्ये तर एनएचकेने सकाळच्या मालिकेसाठी सेत्सु आणि त्याचीच गोष्ट निवडली.

१९८७ पासून जपान सरकार परदेशी तरुणांना शाळांमधून सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून आणतं. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. लेकीच्या शाळेतही एक सर येतात. मुलांबरोबर जेवतात, मैदानात पळतात, मुलांचे लाडके आहेत. तेही कॉन्ट्रॅक्टवर. पण एक गोष्ट बदललीय, आणि ती आपल्या मराठी माणसाने बदललीय. पुण्यात जपानी शिकलेले, आयटीतूनच इथे आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डातून निवडून आले. २०२२ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउराच्या नामांकित सरकारी हायस्कूलचे ते उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक. त्यांनीही आधी जपानी नागरिकत्व घेतलं होतं. हर्नला मात्सुएत फक्त तास घ्यायचे होते. इथे शाळाच हातात दिली.

आमच्या घरी नागरिकत्वाच्या अर्जाचे कागद टेबलावर पडून आहेत. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व देत नाहीत, म्हणजे निळा पासपोर्ट परत करावा लागणार. बायको म्हणते घाई नको, आईला फोनवर सांगायची तर माझी छातीच होत नाही. लेकीने मात्र त्या दिवशी घरी येताना मला विचारलं, "बाबा, तू त्याला उत्तर का नाही दिलंस?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं म्हणून. ती म्हणाली, "मग तसं सांगायचं ना!" दुसरीतल्या पोरीला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी या फेऱ्यातून गेलं असेल, इथे किंवा तिकडे अमेरिकेत, तर जरूर लिहा. जपानी नावांच्या उच्चारांत काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.